सरपंचबाईचं तिसरं लेकरू

दाढ दुखते असं सांगून उज्वला नांदेडला आली होती. दातांचा दवाखाना जळकोटलाही होता, उदगीर तर त्याहून सोयीचं. पण तिकडं कुठंही गेलं तरी मोरदऱ्याचं कुणी ना कुणी भेटणार, आणि भेटलं की "सरपंचबाई, इकडं कसं काय?" म्हणून विचारणार. म्हणून तिनं आधी नायगावजवळचं माहेर गाठलं, रात्री गालावर हात धरून बसली आणि सकाळी एकटीच नांदेडच्या एसटीत चढली. बाईडॉक्टरच्या दवाखान्यात नाव विचारलं तेव्हा तिनं लग्नाआधीचं नाव सांगितलं.

तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिसरा महिना सरत आलाय. आधीच्या दोन मुली ना? ठेवायचं की नाही ते घरी बोलून ठरवा. पण फार दिवस घेऊ नका."

उज्वला बाहेरच्या बाकावर येऊन बसली. तिला वाटलं, आत्ताच परत आत जावं आणि 'नको' म्हणून सांगून मोकळं व्हावं. थोरली आरती आठवीत होती, धाकटी ईश्वरी चौथीत. बाळंतपणाची हौस कधीच फिटली होती. शिवाय खुर्चीचा प्रश्न होता. दोनाच्या वर लेकरू झालं की सरपंचपद जातं, हे निवडणुकीचा अर्ज भरताना वकिलानं तिला दोनदा समजावून सांगितलं होतं. लेकरू जन्मलं, कुणी कलेक्टरकडं तक्रार केली, की संपलं.

ती उठली, डॉक्टरीणबाईच्या दारापर्यंत गेली, आणि तशीच एसटी स्टँडकडं वळली. का वळली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मोरदरा हे जळकोट तालुक्यातलं डोंगराच्या कुशीतलं गाव. उज्वला लग्न होऊन आली तेव्हा तिथल्या शाळेत पोरं मावत नव्हती, पहिली-दुसरीचा वर्ग व्हरांड्यात भरायचा. पुढं एकेक घर पातळ होत गेलं. तरणी पोरं चाकणच्या कंपन्यांत आणि हैदराबादच्या हॉटेलांत गेली, तिकडंच संसार मांडले आणि एकेका लेकरावर थांबली. गावात उरली म्हातारी माणसं. आणि उरले ते पस्तिशी ओलांडलेले, डोक्याला कलप लावून मुलगी बघायला जाणारे आणि हात हलवत परत येणारे बाप्ये. मुली होत्याच कुठं? सोनोग्राफीच्या मशिनी आल्या त्या वर्षांत जन्मलेली पिढी होती ती. शाळेचा पट सतरावर आला होता. वीसच्या खालच्या शाळा बंद करून पोरं शेजारच्या गावात पाठवायची, असं वरून ऐकू येत होतं. शेजारचं गाव ओढ्यापलीकडं, आणि पावसाळ्यात तो ओढा छातीएवढा चढायचा.

सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं तेव्हा उज्वलाचा नवरा आदिनाथ यानं तिला उभं केलं. त्याचं जळकोटला खताबियाण्याचं दुकान होतं, माणसं जोडलेली होती. समोर त्याचाच चुलतभाऊ सुदर्शन यानं आपल्या बायकोला, मनिषाला उभं केलं. म्हणजे भांडण दोन भावांचं आणि कागदावर दोघी जावा. उज्वला थोडक्या मतांनी आली. पहिलं वर्षभर आदिनाथ सांगेल तिथं ती सही करायची. मग शाळा बंद होणार अशी कुणकुण लागली आणि उपसरपंच विशाखा तिच्याकडं आली. विशाखा बौद्धवाड्यातली, बी.ए. झालेली, नवरा एसटीत कंडक्टर. ती म्हणाली, "ताई, मतं मागताना आपण शाळेचं बोललो होतो. आता नवऱ्याला विचारून सांगते म्हणू नका."

त्या दिवसापासून उज्वला खरी सरपंच झाली. दोघी मिळून पंचायत समितीत जाऊन बसायच्या. गावाबाहेरच्या खडी केंद्रावर तेलंगणातली चार कुटुंबं पालं ठोकून राहत होती, त्यांची पोरं शाळेत आणायची खटपट चालली होती. उज्वलाला आयुष्यात पहिल्यांदा सकाळी उठल्यावर आज काय करायचं ते आपलं आपण ठरवावंसं वाटत होतं. आणि नेमकं तेव्हाच हे.

घरी आल्यावर तिनं दोन दिवस काढले, तिसऱ्या दिवशी आदिनाथला सांगितलं. तो अंगणात मोटारसायकल पुसत होता. हातातलं फडकं तसंच धरून उभा राहिला.

"कुणाला म्हाईत हाय?"

"कुणालाच न्हाई."

"मंग सोपं हाय. उद्याच्या उद्या जाऊन मोकळी हो. सुदर्शनला वास जरी लागला तरी तो कलेक्टर हापिसात जाऊन बसंल."

ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या विठाबाईंनी, सासूनं, मान वर केली. म्हातारीला कमी ऐकू येतं असा घरात सगळ्यांचा समज होता.

"आदिनाथ, इकडं ये," त्या म्हणाल्या. "मोकळी हो म्हणून काय सांगतूस? आन् पोरगा आसला तर?"

आदिनाथच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते उज्वलानं पाहिलं. जत्रेत हरवलेलं पाकीट खिशातच सापडावं तसं.

दोन दिवसांनी त्यानं विषय काढला, अगदी मऊ आवाजात. उदगीरच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीत एक सोय होती. कुणाला कळत नाही, कागद नाही, नाव नाही. "पोरगा आसला तर खुर्ची गेली खड्ड्यात. मी सांभाळतो सगळं."

"आन् पोरगी आसली तर?"

"तर मंग... खुर्ची हायच की आपली."

उज्वला भाकरी थापत होती, थापतच राहिली. ठेवायचं की नाही हे तिनं अजून ठरवलेलं नव्हतं. कदाचित तिनंच नको म्हटलं असतं आणि त्याचं तिला फार वाईटही वाटलं नसतं. पण आता प्रश्न तिचा राहिलाच नव्हता. चुलीपलीकडं आरती गणितं सोडवत होती, ईश्वरी तिचं रबर पळवत होती. उज्वलाला एकदम कळलं, की या दोघी जन्मल्या तेव्हा घरात हा हिशेब कुणी मांडला नव्हता, म्हणून या आहेत.

दुसऱ्या दिवशी हातपंपावर मनिषा भेटली. राजकारणात दोघी एकमेकींसमोर उभ्या होत्या, पण जावा म्हणून एकमेकींचं दुखणंखुपणं त्यांना ठाऊक होतं. मनिषानं घागर पंपाखाली लावली, दांडा मारायला लागली आणि इकडंतिकडं न बघता म्हणाली, "आक्का, चहाचा वास आला की तोंड फिरवायलीस तू. मी बघितलंय."

"पित्त झालंय," उज्वला म्हणाली.

"आसंल. मी कुणाला सांगितलं न्हाई, घरीबी न्हाई." दांडा वरखाली होत राहिला. "पर तुला कुणी तिकडं उदगीरच्या फुडं न्यायला लागलं तर जाऊ नको. मी दोनदा जाऊन आलेय. दुसऱ्या खेपंला महिनाभर उठता येत नव्हतं. लोकांना सांगितलं, कावीळ झालीय."

मनिषाला दोन मुलगे होते. गावात सगळे तिला नशीबवान म्हणत.

घागर भरली. मनिषानं ती कमरेवर घेतली आणि निघून गेली.

एवढं कळूनही उज्वला गेली. पोरींसमोर भांडण नको म्हणून गेली. आणि खरं तर तिला बघायचं होतं, की पंधरा वर्षं आपल्याशेजारी झोपणारा हा माणूस शेवटपर्यंत जातो का, मध्येच कुठं गाडी वळवतो.

आदिनाथनं मित्राची गाडी आणली होती. जळकोट मागं पडलं, उदगीर मागं पडलं. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं बदलली. वाटेत तो सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत राहिला. गाडी वळली ती फक्त एका शेतातल्या पत्र्याच्या गोदामाकडं.

गोदामात सतरंजीवर सात-आठ बाया बसल्या होत्या. दारातल्या माणसानं सगळ्यांचे फोन एका पिशवीत घेतले. पुरुषांना बाहेर झाडाखाली थांबायला लावलं. मागच्या दाराला पडदा लावलेली एक गाडी टेकवून उभी केली होती, मशीन त्या गाडीत. बायांनी एकमेकींकडं बघायचं नाही असं जणू ठरलंच होतं, सगळ्यांच्या नजरा सतरंजीवर. फक्त पत्रा तापून वाजत होता.

उज्वलाच्या पुढं एक पोरगी होती, विशीसुद्धा न गाठलेली. तिला आत नेलं, थोड्या वेळानं बाहेर आणलं. तिच्याबरोबरची म्हातारी धडपडत उठली. दारातला माणूस तिला म्हणाला, "शुक्रवारी या."

म्हातारी मटकन खाली बसली. पोरगी गोंधळून विचारायला लागली, "शुक्रवारी का? आज झालं की." शेजारची एक बाई खालच्या आवाजात पुटपुटली, "सोमवारी म्हणलं की पोरगा, शुक्रवारी म्हणलं की पोरगी." पोरीनं दोन्ही हात पोटावर धरले आणि ती दाराकडं बघायला लागली, जसं काही तिथून तिला कुणी घ्यायला येणार होतं.

"चला, पुढची," माणूस म्हणाला.

उज्वला उठली, पण पडद्याकडं गेली नाही. "माझा फोन द्या."

"झाल्यावर भेटंल."

"मला करायचं न्हाई. फोन द्या, मी चालले."

माणूस दारात आडवा झाला. मागून आणखी एक आला. "बाई, इथं आलेलं माणूस असं मधीच जात न्हाई. गप बसा."

उज्वलाच्या तोंडातून जे निघालं ते तिनं ठरवलेलं नव्हतं.

"मी सरपंच हाय. मला अडवू नका."

ती फक्त घाबरून बोलली होती. पण त्या दोघांना काही वेगळंच ऐकू आलं. पहिल्यानं दुसऱ्याकडं पाहिलं, कन्नडमध्ये काहीतरी ओरडला, आणि पुढं सगळं एकदम झालं. पडदा ओढला गेला, गाडी चालू झाली, "रेड, रेड" असा गलका उठला. बाया चपला सोडून धावल्या. फोनची पिशवी जमिनीवर उपडी झाली. उज्वलानं आपला फोन शोधला, त्या पोरीला दंडाला धरून उभं केलं आणि दोघी बाहेर पडल्या. मशिनीची गाडी धूळ उडवत शेताच्या पलीकडच्या वाटेनं पळाली होती. झाडाखालचे पुरुष आपापल्या बायकांना शोधत होते. पोरीबरोबरची म्हातारी आली, तिनं पोरीला उज्वलाच्या हातातून ओढून घेतलं आणि रस्त्याकडं निघून गेली. त्या पोरीचं पुढं काय झालं, ते उज्वलाला कधीच कळलं नाही.

दोघं परत निघाले. उदगीर आलं तसा आदिनाथ स्टेअरिंगवर हात आपटून ओरडला, "नाव तरी सांगायचं न्हाई! सरपंच म्हणं! तिथं आपल्या तालुक्यातलं कुणी आसलं तर?"

"आसंल," उज्वला म्हणाली. "जसं आपण हुतो तसं."

आणि तसंच झालं. तिथं जळकोटकडचं एक जोडपं होतं. फिरत फिरत खबर सुदर्शनपर्यंत पोचली. ऑगस्ट उजाडता उजाडता एका सकाळी तो ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आला. उज्वला एकटीच होती.

"वहिनी, तब्येत कशी हाय?" खुर्ची ओढून तो बसला. "लई धावपळ करायलात. अशा दिवसांत बरं नसतं ते."

उज्वलानं समोरचा कागद उलटा केला, उगाच.

"सगळं मालूम हाय मला. पोटातलंबी आन् उदगीरच्या फुडचंबी. आता बघा, तिसऱ्या लेकरानं नुसती खुर्ची जाती. पर ते दुसरं बाहेर आलं तर इज्जत जाती, केस हुती. दादा आत जाईल." तो पुढं वाकला. "पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेच्या आधी राजीनामा द्या. तब्येतीचं कारण लिवा. मी तोंड बंद ठेवतो."

उज्वलाच्या जिभेवर मनिषाचं नाव आलं होतं. दोन खेपा, महिनाभराची कावीळ, सगळं. एवढं बोललं असतं तरी सुदर्शन उभ्या जागी वाळला असता. पण ते मनिषाचं होतं. हातपंपावर विश्वासानं सांगितलेलं तिनं नवऱ्याच्या तोंडावर फेकलं, तर मनिषाला त्या घरात रात्र काढणं मुश्किल झालं असतं. उज्वलानं ते गिळलं.

"इचार करते," एवढंच ती म्हणाली.

तो गेल्यावर तिनं दार लावलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. घरी आदिनाथला सांगितलं तर तो दुसरंच बोलायला लागला: अजून वेळ गेलेली नाही, नांदेडला जाऊ, मोकळी हो, मग सुदर्शनच्या हातात काय राहतंय? विठाबाई देवापुढं बसून होत्या. त्या दहा-बारा दिवसांत उज्वलाला नीट जेवण गेलं नाही. रस्त्यानं कुणी हसलं तरी आपल्यालाच हसलं असं वाटे. विशाखा दोनदा घरी येऊन गेली, दोन्ही वेळा उज्वलानं ईश्वरीकरवी झोपलेय म्हणून सांगितलं. कारण सरपंच गेली की कारभार उपसरपंचाकडं जाणार होता. जिचा फायदा तिला काय सांगायचं, असं तिच्या मनात बसलं होतं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणातच ग्रामसभा भरली. एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बाया. सुदर्शन पुढच्याच रांगेत, मांडीवर हात ठेवून. आदिनाथ मागं कुंपणाला टेकून. ग्रामसेवकानं विषय वाचायला सुरुवात केली तेव्हा उज्वला उठली.

"आधी माझं ऐका," ती म्हणाली. तिनं टेबलाची कड धरली. "मला दिवस गेल्यात. पाचवा महिना लागलाय. हे माझं तिसरं लेकरू."

कुणीतरी खोकलं.

"नियम मला ठाऊक हाय. लेकरू होईस्तोवर मी सरपंच हाय, आन् ते व्हायच्या आधी मी आपणहून राजीनामा देणार हाय. कुणी तक्रार करायची गरज न्हाई. लई लेकरं झाली म्हणून हा नियम केला. हितं शाळंत लेकरं न्हाईत म्हणून शाळा बंद व्हायली. ह्यातलं कुठलं खरं धरायचं, ते मला कळत न्हाई. पर तीस सप्टेंबरला पट मोजणार हायत, तवर शाळंचं काम मी सोडणार न्हाई."

मग ती थांबली आणि सुदर्शनकडं पाहिलं. आता तो उठणार, ते दुसरं बोलणार. तो अर्धवट उठलाही. "ह्याच्यात अजून एक गोष्ट हाय..." म्हणाला.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून मनिषा उभी राहिली. डोक्यावर पदर, हाताची घडी. नुसती नवऱ्याकडं बघत उभी. लोकांना वाटलं तिलाही काही विचारायचं आहे. सुदर्शननं तिच्याकडं पाहिलं, ओठ ओले केले, आणि "...न्हाई, ऱ्हाऊ द्या" म्हणून खाली बसला. तो बसल्यावर मनिषाही बसली.

आठवड्यानं हातपंपावर तिनं दोन वाक्यांत सांगितलं, "आदल्या रातीच त्यास्नी बोलले हुते. तुमी आक्काचं काढलं, तर मी उठून माझं काढीन." गालावर अजून उरलेला वळ तिनं पदरानं झाकला होता, तरी तो दिसत होता.

ग्रामसभा संपल्यावर विशाखा मागं थांबली. "आधी मला सांगायचं होतं, ताई."

"तुमचा फायदा हुता त्यात. म्हणून न्हाई सांगितलं," उज्वला सरळ म्हणाली.

विशाखाचा चेहरा उतरला. "पोटनिवडणूक होईपर्यंतचा कारभार, तोही गावानं नाकं मुरडत दिलेला. एवढ्यासाठी मी तुम्हाला विकलं असतं?" ती दोन पावलं गेली आणि परत आली. "बरं, ते राहू दे. खडी केंद्रावर कधी जायचं?"

आदिनाथ त्या रात्री घरी आला नाही, दुकानातच झोपला. पुढंही कितीतरी दिवस तो फक्त जेवायला यायचा. विठाबाई मात्र उज्वलाचं ताट समोर ठेवून बसायच्या. "खा. पोटुशी बाई उपाशी ऱ्हाऊन काय हुतंय?" म्हणायच्या. एकदा, उज्वलानं विचारलेलं नसताना, त्या म्हणाल्या, "मला सहा झाली, तीन ऱ्हायली. कुणी इचारलं न्हाई मला, कितवं म्हणून."

तीस सप्टेंबर जवळ आला तसा जीव पुन्हा टांगणीला लागला. खडी केंद्रावरच्या लक्ष्मम्मानं आपली दोन आणि बहिणीचं एक अशी तीन लेकरं शाळेत घातली होती. त्या तीन नावांवर पट बरोबर वीस झाला होता. आणि मोजणीच्या आदल्या दिवशी विशाखाचा फोन आला: ठेकेदारानं कामगार हिमायतनगरकडच्या खाणीवर हलवायला काढलेत, ट्रॅक्टर उभा आहे.

उज्वला सहाव्या महिन्याचं पोट सावरत विशाखाच्या स्कूटीवर मागं बसली. खडबडीत वाट, प्रत्येक खड्ड्याला पोटात कळ. पोचल्या तेव्हा पालं उतरवून झाली होती. भांडी ट्रॅक्टरवर चढली होती आणि पोरं दप्तरासकट भांड्यांवर बसली होती. विशाखा ठेकेदाराच्या माणसाशी भांडायला लागली. उज्वला लक्ष्मम्मासमोर जाऊन उभी राहिली. तिला तेलुगू येत नव्हतं, लक्ष्मम्माला मराठी मोडकं.

"लक्ष्मम्मा, एक महिना. लेकरांची शाळा. तुमी गेलात तर शाळा बंद हुती."

लक्ष्मम्मानं तिच्या पोटाकडं पाहिलं, मग घामाघूम चेहऱ्याकडं. नवरा ट्रॅक्टरवरून ओरडत होता. ती त्याच्याशी तेलुगूत काहीतरी कडक बोलली. तो आणखी ओरडला, तीही ओरडली. मग तिनं स्वतः चढून तिन्ही पोरांना एकेक करून खाली उतरवलं. "पिल्ललु इक्कडे," ती म्हणाली, आणि समजावं म्हणून जमिनीकडं बोट केलं. "लेकरं हितंच. मीबी हितं. हा जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी मोजणीला आलेल्या साहेबांनी वर्गात उभं राहून पोरं मोजली. वीस भरली. शाळा त्या वर्षापुरती राहिली. लक्ष्मम्मा पोरांसह दिवाळीपर्यंत शाळेच्या मागच्या खोलीत राहिली, विशाखानं तिला बौद्धवाड्यात खुरपणीचं काम मिळवून दिलं. दिवाळीनंतर ती पोरं घेऊन नवऱ्याकडं हिमायतनगरच्या खाणीवर गेली.

डिसेंबरात उज्वलानं राजीनामा दिला. जानेवारीच्या शेवटी उदगीरच्या दवाखान्यात ती बाळंत झाली. मुलगा झाला.

विठाबाईंनी कपाळाला हात लावून देवाचं नाव घेतलं. आदिनाथ धावत बाहेर गेला आणि पेढ्यांचे दोन पुडे घेऊन आला. कितीतरी महिन्यांनी तो हसत होता. "बघितलंस?" तो पलंगाशी वाकून म्हणाला. "उगाच एवढं रान उठवलंस. त्या दिवशी आत गेली आसतीस तर सोमवारच म्हणाले आसते."

उज्वलानं कुशीतल्या लेकराच्या तोंडावरचं फडकं सारखं केलं.

"आन् शुक्रवार म्हणाले आसते तर?"

तो हसायचा थांबला. तिनं पुन्हा विचारलं, या वेळी त्याच्याकडं बघत. आदिनाथनं पुडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, खिडकीकडं गेला, परत आला. पेढे वाटायचे नाहीत असं तिनं सांगितलं. त्यानं ते ऐकलं. त्या दिवसापासून तो पोरींशी जरा जास्त बोलायला लागला, आरतीला मोटारसायकलवर शाळेत सोडायला लागला. पण उज्वलाच्या मनातली ती गोदामाची वाट काही बुजली नाही. ती त्याच्याशी बोलायची, संसार करायची, आणि तरी तिच्यात एक माणूस कायम दाराकडं तोंड करून बसलेलं असायचं.

चार महिने विशाखानं कारभार पाहिला. पोटनिवडणुकीला ती उभी राहिली, समोर मनिषा. उज्वला तान्हं लेकरू खांद्यावर टाकून विशाखासाठी दारोदार फिरली. काही दारांवर चहा मिळाला, काहींनी दारातूनच "बघू" म्हटलं. मनिषा बऱ्याच मतांनी निवडून आली. "मला माहीत होतं," विशाखा म्हणाली, आणि खुर्चीवरची आपली पिशवी उचलून घरी गेली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मनिषा एकटीच उज्वलाच्या ओसरीवर आली. सुदर्शनला तिनं सोबत घेतलं नव्हतं.

"आक्का, ते शाळंचं काय काय राहिलंय ते सांग. विशाखाताईला मी बोलवायला गेले तर त्या येतील का?"

"जाऊन बघ," उज्वला म्हणाली. "मी येते संगं."

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पट अठरा होता. चौथीतून एकटी ईश्वरी पुढं गेली होती, पहिलीत दोन आली होती, पण लक्ष्मम्माची तीन लेकरं आता गावात नव्हती. खडी केंद्र बंद पडलं होतं. साहेब येऊन मोजून गेले. "वर कळवतो, पंधरवड्यात समजेल," म्हणाले, आणि जीपमध्ये बसले. तिघी जणी फाटकापाशी उभ्या राहिल्या. मनिषानं विचारलं, हिमायतनगरच्या त्या खाणीवर कुणाचा फोन नंबर आहे का. विशाखा म्हणाली, एकाचा आहे, पण तो उचलत नाही. उद्या सकाळच्या गाडीनं जावं लागेल.

"मी येते," उज्वला म्हणाली. मग पदरानं छाती झाकून ती झपाझप घराकडं निघाली. दूध भरून आलं होतं, आणि गल्लीच्या तोंडापासूनच लेकराचं रडणं ऐकू येत होतं.